‘किती दिवस?’ आणि ‘कसे दिवस?’

मेंदूतल्या आक्रमक गाठीवर उपचार आहेत आणि त्या उपचारांना मर्यादाही आहे. पण ही मर्यादा घरातल्या बाईला कुणी नीट समजावून सांगतं का? माझ्या वहिनीने ती विचारून घेतली. त्याची ही गोष्ट.

माझं माहेर अर्जुनी मोरगावचं. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव. एकीकडे नवेगावबांधचं जंगल, दुसरीकडे इटियाडोहच्या पाण्यावर पिकणारं धान. आमच्या भाऊची तीन एकर बांधी आणि बाजार चौकात छोटं किराणा दुकान. यावर घर चालायचं, वर लेकीचं शिक्षणही.

२०२२ ची दिवाळी आटोपली होती. धान कापून पुंजणे रचून झाले होते. त्या दिवशी भाऊ खळ्यावर उभा असताना अचानक पडला. उजवा हात आखडला, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं, तोंडाला फेस आला. चारजण धावले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातखीळ सोडवायला चमचा शोधू लागलं. तीन-चार मिनिटांत झटके थांबले. पण ते तीन-चार मिनिटं वहिनी अजून विसरलेली नाही.

मागे वळून बघितलं तर खुणा आधीपासून होत्या. दीड-दोन महिन्यांपासून सकाळी उठल्या उठल्या त्याचं डोकं दुखायचं, कधी उलटी व्हायची आणि मग बरं वाटायचं. दुकानाचा हिशेब चुकायला लागला होता. शांत माणूस, पण गिऱ्हाइकांवर खेकसायचा. वहिनी फोनवर म्हणायची, “यायचं मन थाऱ्यावर नाही, ताई. काय झालं समजत नाही जी.” गावातल्या दोघा-तिघांनी ‘बाहेरचं’ असेल म्हणून पुजाऱ्याकडे न्यायला सांगितलं. मीही, शिकलेली सवरलेली, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणाले होते!

मैत्रिणींनो, डोकेदुखी आपल्या सगळ्यांच्याच घरात असते आणि शंभरातल्या जवळजवळ शंभर डोकेदुख्यांचा गाठीशी काही संबंध नसतो. तेव्हा घाबरून जाऊ नका. पण नव्याने सुरू झालेली, दिवसेंदिवस वाढत जाणारी, सकाळी जास्त आणि उलटीबरोबर येणारी डोकेदुखी वेगळी. मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेला झटका वेगळा. एका बाजूचा हात-पाय हळूहळू ढिला पडणं, शब्द न सापडणं, चालताना तोल जाणं, स्वभावच बदलणं हेही वेगळं. अशा वेळी डोक्याचा स्कॅन हवाच.

गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच का?

अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयात झटक्याचं इंजेक्शन मिळालं आणि तिथून गोंदियाला पाठवलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागात गाठ दिसली. मग साकोली-भंडारा मार्गे नागपूर. तिथे एमआरआय झाला आणि डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन करावं लागेल. तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.”

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या देशात स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली म्हणजे ती कॅन्सरचीच असं नसतं. क्षयरोगाची गाठ असते, फीतकृमीच्या अळीची गाठ असते, आणि त्या औषधांनी बऱ्या होतात. मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा नावाची गाठ असते. ती बहुतेक वेळा साधी असते आणि पूर्ण काढता येते. म्हणून केवळ फिल्म पाहून कुणी ‘आता काही उरलं नाही’ म्हटलं, तर ऐकू नका. आणि कुणी तुकडा न तपासताच ‘आमच्या पुडीने गाठ विरघळेल’ म्हटलं, तर तेही ऐकू नका.

भाऊच्या रिपोर्टवर मात्र लिहिलं होतं: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. मोठ्या माणसांच्या मेंदूत निर्माण होणाऱ्या गाठींमधली ही सगळ्यात आक्रमक. ती कशामुळे होते हे बहुतेक रुग्णांत सांगता येत नाही. तंबाखूने नाही, खाण्याने नाही, कुणाच्या शापाने तर नाहीच. वहिनीला हे ऐकून थोडं हायसं वाटलं. कारण तोवर ‘बायकोने नवऱ्याला नीट जेवू घातलं नसेल’ इथपर्यंत लोकांची मजल गेली होती.

उपचार तीन पायांवर

नागपूरच्या डॉक्टरांनी वहिनीला कागदावर चित्र काढून दाखवलं. बांधीत करग्याचं तण कसं धानातच मिसळून उगवतं, तशी ही गाठ. मधला झुपका उपटता येतो, पण बारीक मुळं चांगल्या मेंदूत दूरवर शिरलेली असतात. सगळं उपटायला गेलं, तर धानही जाईल. म्हणजे बोलणं जाईल, हातपाय जातील.

म्हणून पहिला पाय ऑपरेशनचा. जेवढी सुरक्षितपणे काढता येईल तेवढी गाठ काढायची. गाठ बोलण्याच्या केंद्राजवळ असेल, तर काही मोठ्या केंद्रांत रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून हे शक्य होतं. काही ठिकाणी आधी एक औषध पाजतात. त्याने निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी दिसते आणि सर्जनला तिची हद्द कळते.

दुसरा पाय रेडिएशनचा, आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात. तिसरा पाय टेमोझोलोमाइड नावाच्या कॅपसूलचा. या दोघांची जोडी २००५ साली पक्की झाली. स्वित्झर्लंडचे डॉ. रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर केलेली चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असे एकूण ३० शेक. त्या काळात रोज कमी मात्रेची कॅपसूल. मग महिनाभर विश्रांती आणि त्यानंतर दर २८ दिवसांतून ५ दिवस जास्त मात्रेची कॅपसूल, असे सहा फेरे. आज वीस वर्षांनंतरही जगभर, म्हणजे नागपुरातही आणि न्यूयॉर्कमध्येही, मुख्य उपचार हाच आहे.

त्याने काय मिळालं? नुसत्या शेकाने निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपर्यंत जगले होते, जोडीने १४.६ महिन्यांपर्यंत. ऐकायला अडीच महिनेच. पण दोन वर्षांनंतर जिवंत असणारे शंभरात १० होते ते २६ झाले, आणि पाच वर्षांनंतर दोन होते ते जवळपास दहा झाले. म्हणजे सगळ्यांना थोडं मिळतं आणि थोड्यांना बरंच मिळतं. त्या थोड्यांत आपण असू का, हे काही प्रमाणात गाठीच्या तपासणीतून कळतं. ‘एमजीएमटी’ नावाच्या जनुकाचं बटण बंद असेल, तर कॅपसूल जास्त चांगली लागू पडते. ‘आयडीएच’ नावाच्या जनुकात बदल असेल, तर ती गाठ वेगळ्या जातीची असते आणि सहसा हळू वाढते. २०२१ पासून तर जागतिक आरोग्य संघटनेने तिचं नावच वेगळं केलं आहे. तेव्हा तुकड्याच्या रिपोर्टमध्ये या दोन गोष्टी तपासल्या आहेत का, हे जरूर विचारावं.

रुग्ण वयस्कर आणि अशक्त असेल, तर सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत १५ शेक देतात, कधी त्याहूनही कमी. हा ‘कमी दर्जाचा’ उपचार नव्हे. ७२ वर्षांच्या आजीला शहरात दीड महिना ताटकळत ठेवण्यापेक्षा तो शहाणपणाचा असू शकतो.

नागपूरचा दीड महिना

जानेवारी २०२३ मध्ये शेक सुरू झाले. वहिनीने लेकीला आमच्या आत्याकडे ठेवलं, दुकान पुतण्याकडे दिलं आणि नागपुरात एक खोली घेतली. एक शेक दहा-पंधरा मिनिटांचा असतो, दुखतही नाही. पण तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा चढवून निश्चल पडून राहायचं. भाऊ पहिल्या दिवशी घाबरला. तिसऱ्या आठवड्यात कानामागचे केस गेले, थकवा आला, तोंडाची चव गेली.

घरी करायच्या गोष्टी वहिनी विचारून विचारून शिकली. एकदा तिने नर्सला विचारलं, “गोळी गिळत नाही जी यायले. फोडून पेजेत टाकू का?” नर्सने तिचा हातच धरला. ही कॅपसूल कधीही फोडायची नाही! आतली पूड कातडीला लागणं, श्वासातून जाणं धोक्याचं, घरात गरोदर बाई असेल तर आणखीच. कॅपसूल उपाशीपोटी घ्यायची, उलटीची गोळी आधी घ्यायची आणि ठरल्या दिवशी रक्त तपासायचं. पेशी कमी झाल्या, तर डॉक्टर काही दिवस थांबतात. ताप आला की ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी दवाखाना.

दुसरी गोळी डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टिरॉइडची. मेंदूची सूज तिने उतरते आणि दोन दिवसांत माणूस जादू झाल्यासारखा उठून बसतो. पण साखर वाढते, चेहरा सुजतो, भूक अनावर होते, झोप उडते, मांड्यांतली ताकद जाते. भाऊ रात्री दोनला उठून जेवायला मागायचा आणि नाही म्हटलं की ओरडायचा. वहिनी रडायची. ‘हा औषधाचा राग आहे, माणसाचा नाही’ हे तिला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आणि हेही, की ही गोळी मनाने एकदम बंद करायची नसते. ती पायरी-पायरीने उतरवावी लागते.

या साऱ्या त्रासातून काय मिळालं? शेक संपले आणि आठवड्याभराने महाशिवरात्र आली. भाऊ स्वतःच्या पायांनी प्रतापगडच्या यात्रेला गेला. पूर्ण चढला नाही, अर्ध्यात बसला, पण गेला. मे महिन्यात लेकीचा बारावीचा निकाल लागला, तेव्हा त्याने स्वतः पेढे वाटले. त्या पावसाळ्यात रोवणीच्या वेळी तो धुऱ्यावर उभं राहून बायांशी थट्टा करत होता. दहा महिने. उपचार घेतले नसते, तर हे झालं नसतं. ‘मेंदूचा कॅन्सर आहे ना, मग कशाला खर्च?’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

बांधी विकायची का?

नोव्हेंबरमध्ये एमआरआयमध्ये गाठ परत दिसली. आता ती खोल होती आणि मेंदूच्या दुसऱ्या बाजूकडे सरकत होती. उजवा हात-पाय ढिला झाला, शब्द अडखळू लागले.

आणि मग घरात सुरू झाली ती बैठक, जी अशा प्रत्येक घरात होते. एका नातेवाइकाने दूरच्या शहरातल्या खासगी रुग्णालयाचं नाव आणलं. पुन्हा ऑपरेशन, मग महागडं इंजेक्शन, नवीन थेरपी. काही लाखांचा हिशेब. दीर म्हणाले, दीड एकर काढू. कुणी काही उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे. तिने ‘नको’ म्हटलं, तर ‘पैशापायी नवऱ्याला मारलं’ हे आयुष्यभर ऐकावं लागणार. तिने ‘हो’ म्हटलं, तर लेकीचं शिक्षण आणि उद्याचं जेवण त्या बांधीबरोबर जाणार.

वहिनी नववी शिकलेली. ती फाइल घेऊन एकटी नागपूरच्या त्याच डॉक्टरांकडे गेली. बाकीचे सगळे तोवर ‘किती दिवस?’ एवढंच विचारत होते. तिने विचारलं, “डॉक्टरसाहेब, याच्यानं काय होईल जी? मानूस उठून बसंल का? मले ओळखंल का? दिवस वाढतीन ते कसे वाढतीन?”

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि अर्धा तास दिला. दुसरं ऑपरेशन कुणाला उपयोगी पडतं? गाठ काढण्याजोग्या जागी असेल, रुग्ण हिंडता-फिरता असेल आणि मधला काळ चांगला गेला असेल त्याला. भाऊच्या बाबतीत गाठेची जागाच वाईट होती. ‘बेव्हासिझुमॅब’ इंजेक्शनाने सूज उतरते, स्टिरॉइड कमी करता येतं, काहींना काही आठवडे आराम वाटतो. पण मोठ्या चाचण्यांत त्याने एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. डोक्याला विजेच्या पट्ट्या लावून दिवसाचे अठरा तास घालायचं एक यंत्र आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या उपचारांपासूनच ते वापरणाऱ्यांचा निम्म्या रुग्णांचा काळ १६ महिन्यांवरून जवळपास २१ वर गेला. पण त्याचा खर्च आपल्याकडच्या सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा. फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरमध्ये गाजलेली इम्युनोथेरपी या गाठीच्या मोठ्या चाचण्यांत उतरलेली नाही. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी शिकवून परत सोडण्याच्या उपचाराने २०२४ मध्ये अमेरिकेत तीन रुग्णांच्या गाठी काही दिवसांत आकसल्या, पण दोघांत त्या पुन्हा वाढल्या. संशोधन चालू आहे, आशा आहे. पण जे अजून चाचणीत आहे त्यासाठी रुग्णाकडून लाखो रुपये मागणं बरोबर नाही.

मग शेवटी डॉक्टर म्हणाले, “माझा भाऊ असता, तर मी त्याला घरी ठेवला असता. झटके येऊ दिले नसते, दुखू दिलं नसतं. तेही उपचारच आहेत.”

वहिनी घरी आली आणि दिरांना म्हणाली, “बांधी इकाची नाही. यायले मी पाहतो.”

शेवटचे साडेतीन महिने

‘आता काही करता येत नाही’ हे वाक्य खोटं आहे. करायचं पुष्कळ असतं, फक्त ते घरात करायचं असतं. या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक आणि आधाराची सेवा म्हणतात. कर्करोग रुग्णालयांत त्याचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे पहिल्यापासूनच नाव घातलेलं चांगलं, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

झटक्याच्या गोळ्या शेवटपर्यंत चालू राहिल्या. मोठा झटका आला, तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांनी लिहून दिला होता. तो एकदा कामी आला. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, म्हणजे जखमा होत नाहीत. गिळताना ठसका लागायला लागला, तेव्हा पाणी पाजायचं बंद करून घट्ट पेज, डोकं उचलून, चमच्या-चमच्याने. नळी घालायची का, हा प्रश्न आधीच बोलून ठेवला होता. भाऊने, बोलता येत होतं तेव्हाच, नको म्हणून सांगितलं होतं.

ते बोलणं करवून घेणारी वहिनीच. शब्द आहेत तोवर दुकानाची उधारी, बँकेचं खातं, बांधीचा सातबारा, लेकीसाठी काय हवं, सगळं तिने विचारून लिहून घेतलं. “वाईट वाटे जी विचाराले,” ती मला म्हणाली, “पन त्यायलेच सांगाचं होतं, कोनी विचारतच नव्हतं.”

२०२४ च्या महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी भाऊ घरीच, झोपेत गेला. पहिल्या झटक्यापासून सोळा महिने झाले होते.

लोक बोलले का? बोलले. अजूनही एखादा बोलतो. वहिनी दुकानात बसते, लेक गोंदियाला नर्सिंग शिकते आहे. बांधीत दर पावसाळ्यात रोवणी होते.

गेल्या महिन्यात मी माहेरी होते. शेजारच्या गावाहून एक तरणी पोर आली होती, नवऱ्याच्या स्कॅनची पिशवी घेऊन. तिला कुणीतरी वहिनीचं नाव सांगितलं होतं. वहिनीने चहा ठेवला, दुकानातली जुनी वही काढली आणि म्हणाली, “बस. डॉक्टरले काय काय विचाराचं ते लिहून घे. विचाराले लाजू नको.”

त्या वहीतलेच प्रश्न खाली देते आहे. कापून ठेवा. देव करो, लागू नयेत.

डॉक्टरांना काय विचाराल?

० गाठ कोणत्या प्रकारची, कोणत्या ग्रेडची? तुकड्यात ‘एमजीएमटी’ आणि ‘आयडीएच’ तपासलं का?
० या उपचाराने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल, की दोन्ही? नाही घेतला, तर काय होईल?
० किती दिवस दवाखान्यात जातील आणि किती घरी मिळतील?
० हा पक्का झालेला उपचार आहे की चाचणीतला? चाचणीतला असेल, तर पैसे का?
० महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता भाग बसतो? योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

झटका आला तर

० कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा.
० तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल नको.
० पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लगेच दुसरा आला, तर तडक रुग्णालय.
० झटके येणाऱ्याने मोटारसायकल चालवू नये, बोडीवर वा विहिरीवर एकट्याने जाऊ नये, चुलीपाशी एकट्याने बसू नये.

कुठे जाल?

० नागपुरात शासकीय ‘मेडिकल’ आणि त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था.
० मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं त्याचं केंद्र. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस थेट मुंबईला जाते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते.
० उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा दाखला लागतो.
० मुंबईला जाण्याआधी ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत घेता येतं. पुष्कळदा तोच उपचार नागपुरात होतो आणि मुंबईची फेरी वाचते.